पंधरवड्यातला दसरा

कृष्णा-कोयनेच्या काठी वर्षातली मोठी साफसफाई पाऊस सरत आला की होते. घटस्थापनेच्या आत घर झाडून-पुसून, वाकळा-चादरी धुऊन, माळ्यावरची भांडी खाली काढून, घासून परत वर ठेवायची, याला कराड, पाटण, वाळवा भागात 'दसरा काढणं' म्हणतात. गणपती गेले की दारात, नळावर, एसटीच्या थांब्यावर एकच चौकशी सुरू होते : "तुमचा दसरा निघाला का?" निघाला म्हणणारीच्या आवाजात जरा तोरा असतो. अजून व्हायचाय म्हणणारी लगेच कारणं सांगू लागते.

जगभर ही वार्षिक झाडाझडती आहे, पण तिचा हंगाम प्रत्येक मुलखाच्या शत्रूवर ठरतो. थंड युरोपात हिवाळाभर दारं-खिडक्या बंद, आत कोळशाची शेगडी आणि तेलाचे दिवे. भिंतींवर काजळी धरायची. म्हणून तिकडे वसंतात घर उघडून धुवायची रीत पडली. इराणात नवरोजच्या आधी घर अक्षरशः हलवून काढतात. जपानात हे काम डिसेंबरात, नवं वर्ष दारात यायच्या आत उरकतात. आपला शत्रू काजळी नव्हे, ओल. जूनपासून चार महिने भिंती पाणी पितात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास धरतो, चामड्याच्या चपलांवर बुरशीची पांढरी साय येते, कडधान्याच्या डब्यात टोके होतात. चैत्रात पाडव्याच्या आधी आपणही घर झाडतो, पण ते धुळीपुरतं. खरी लढाई आश्विनाच्या तोंडावर असते.

आता घटस्थापनेच्या आधी पंचांगात काय येतं ते पाहा. भाद्रपदाचा वद्य पक्ष, म्हणजे पितृपंधरवडा. या दिवसांत लग्नाची बोलणी नाहीत, नवी खरेदी नाही, वास्तुशांत नाही. शुभकार्यं बंद, म्हणून हात मोकळे. घरातल्या म्हाळाचा एक दिवस सोडला (त्या दिवशी स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा झाडू उचलायचं नावही काढू नये) तर चौदा दिवस हाती उरतात. साफसफाईचं काम रोज थोडं थोडं करावं, असं आता जो तो सांगतो. आपल्याकडे त्यासाठी अख्खा पंधरवडा राखून ठेवलेला आहे. तरी बहुतेक घरांत दसरा निघतो तो शेवटच्या रविवारी, सगळं घर एकदम अंगणात काढून. आणि सोमवारी घरातल्या बाईची कंबर धरलेली असते.

घराघरांतलं हे काम मोडतं कुठे, तर वाटणीत. आपण ते खोल्यांवर वाटतो : आज बैठकीची खोली, उद्या स्वयंपाकघर. पण कामाला खोली कळत नाही. त्याला कळतं ते ऊन, पाणी, वाळत घालायची दोरी आणि घरातले हात. या चार गोष्टी धरून दिवस वाटले तर पंधरवडा पुरतो. खोल्या धरून वाटले तर महिनाही कमी पडेल.

उन्हापासून सुरुवात करू, कारण ते आपल्या हातात नाही. घटस्थापना इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. २०२३ साली ती १५ ऑक्टोबरला आली, २०२४ साली ३ ऑक्टोबरला, आणि २०२५ साली थेट २२ सप्टेंबरला. पाऊस मात्र पंचांग वाचत नाही. मध्य महाराष्ट्रातून तो साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. म्हणजे ज्या वर्षी अधिक मासामुळे नवरात्र पुढे सरकतं, त्या वर्षी पंधरवड्यात चांगलं ऊन मिळतं. आणि ज्या वर्षी घट सप्टेंबरात बसतात, त्या वर्षी वाकळा भर पावसात धुवायची वेळ येते. अशा वर्षी माझं मत सरळ आहे : चादरी, अभ्रे, पडदे तेवढे आधी धुवावेत आणि जाड वाकळा दसरा ते दिवाळीच्या मधल्या कडक उन्हासाठी राखाव्यात. थोरल्या मंडळींना हे पटणार नाही. पण अर्धवट वाळलेली वाकळ घडी करून ठेवण्यापेक्षा न धुतलेली बरी, हे त्यांनाही अनुभवाने ठाऊक असतं.

वाकळीवर थोडं रेंगाळायला हवं, कारण या सगळ्या कामात तीच सगळ्यात जड आणि सगळ्यात महत्त्वाची. जुनी लुगडी, धोतरं थरावर थर घालून दोऱ्याने शिवलेलं हे पांघरूण. माणसाच्या अंगावरून रोज त्वचेचा बारीक कोंडा झडतो, तो अंथरुणात साचतो, आणि त्यावर जगणारे धुळीतले सूक्ष्म किडे तिथे वस्ती करतात. त्यांची लांबी मिलिमीटरचा सुमारे तिसरा हिस्सा. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. हे किडे चावत नाहीत. त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी मात्र शिंका, दमा, अंगाची खाज सुरू होते. पाणी ते पीत नाहीत, हवेतलीच ओल शोषून घेतात. म्हणून पावसाळ्यात त्यांची चंगळ, आणि हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली उतरली की ते सुकून मरतात. पावसाळा संपताच अंथरूण धुऊन कडक उन्हात घालायचं, ही रीत ज्यांनी पाडली त्यांना हे किडे माहीत नव्हते. वेळ मात्र त्यांनी अचूक धरली. एवढंच लक्षात ठेवायचं की नुसत्या उन्हाने किडे मरतात, त्यांची घाण मात्र तिथेच राहते. ती जाते धुण्याने, आणि पाणी ५५ ते ६० अंशांपर्यंत कढत असेल तर दोन्ही कामं एकदम होतात. वाकळ धुणं शक्यच नसेल तर दिवसभर दोन्ही बाजूंनी ऊन द्यावं आणि घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून झोडपावी. दम्याच्या माणसाने हे काम करू नये.

पूर्वी ही वाकळ नदीवर जायची. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तो प्रीतिसंगम. शेजारी कृष्णामाईचं मंदिर, यशवंतराव चव्हाणांची समाधी. घाटाचा दगड धुणं आपटायला, वाहतं पाणी खळबळायला, तापलेली वाळू वाळवायला, आणि पिळायला समोर दुसरी बाई. भिजलेली वाकळ एकट्या माणसाला पिळता येत नाही. दोघींनी दोन टोकं धरून उलट्या दिशांनी पीळ द्यावा लागतो. आषाढ-श्रावणात नदी गढूळ आणि चढलेली. तिचं पाणी निवळायला लागायचं ते याच सुमारास. आता दोन गोष्टी बदलल्या आहेत. वर कोयना धरण आहे, साठा जवळजवळ १०५ टीएमसी. ते भरलेलं असताना दरवाजे उचलले की संगमावर पाणी चढतं, मग आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र का असेना. आणि पूर्वी धुण्याला रिठा किंवा सोडा असायचा, आता पावडर. तिचा फेस खालच्या गावांच्या पाण्यात जातो. नदीवर जायचंच तर हौसेने जावं, पाण्यात पाय सोडून बसावं. धुणं घरी.

पण घरी दगड नाही, वाळू नाही आणि समोरची बाईही नाही. आहे ती गच्चीवरची दोरी. म्हणून रोज किती धुवायचं हे मशीनच्या आकारावर न ठरवता दोरीच्या लांबीवर ठरवावं. एका दिवशी दोरीवर मोकळं वाळेल एवढंच पाण्यात घालायचं : एक मोठी वाकळ, किंवा दोन चादरी आणि अभ्रे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गच्चीच्या दोरीचे वार शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावेत. या पंधरवड्यात सगळ्या मजल्यांचा दसरा एकाच दोरीवर येतो आणि वर्षभराचा शेजार तिथे पणाला लागतो. अंथरूण हे एका दिवसाचं काम नव्हेच. ते पंधरवडाभर, ऊन पडेल त्या दिवशी, बाकीच्या कामांच्या कडेकडेने चालतं. सकाळी आभाळ पाहायचं. उघडीप दिसली तर आधी पांघरूण भिजवायचं, मग ठरलेलं काम हाती घ्यायचं.

पहिले दोन-तीन दिवस मात्र पाण्याला हात लावायचा नाही. हे दिवस अडगळीचे. धुऊन-पुसून ठेवलेली निरुपयोगी वस्तू टाकवत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून ती घाणेरडी असतानाच बाहेर काढावी. गणपतीच्या मखराचा थर्माकोल, वर्षभराची रद्दी, झाकण हरवलेले डबे, डबा हरवलेली झाकणं, बंद पडलेला मिक्सर, मुदत संपलेली औषधं. इथे एकच शिस्त पाळायची : जेवढं आज संध्याकाळी परत लावून होईल तेवढंच उघडायचं. एक फडताळ, एक ट्रंक, माळ्याचा एक कोपरा. घरात रात्री पसारा उरला की दुसऱ्या दिवशी त्या पसाऱ्यावरूनच कामाला सुरुवात होते, आणि तिसऱ्या दिवशी कोणी सुरुवातच करत नाही.

काढलेली अडगळ जाते कुठे, याचा विचार कराडात करायलाच हवा. देशभरच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांत कराडने २०२० साली पहिला क्रमांक मिळवला. पुढच्या वर्षी तो मान शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या विट्याला गेला, २०२२ साली पाचगणीला, आणि त्या वर्षी कराड तिसरं होतं. तीन वर्षं देशातली सगळ्यात स्वच्छ लहान शहरं सातारा-सांगलीच्या पट्ट्यात असावीत, हा योगायोग मला वाटत नाही. या भागाला सवय होती. हाती खराटा आणि रात्री कीर्तन, ही गाडगे महाराजांची रीत. त्यांच्या नावाचं महाविद्यालय १९५४ पासून कराडात उभं आहे. त्यांच्याच नावाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, ते करणारे तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. पण क्रमांक नगरपालिकेला मिळतो आणि कचरा घरात तयार होतो. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरातला धोकादायक असा तीन ठिकाणी कचरा वेगळा करायला सांगितलं. वर्षभर हा तिसरा प्रकार आपल्याला क्वचितच भेटतो. दसऱ्याच्या सफाईत तोच ढिगाने निघतो : जुन्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, औषधं, फुटक्या ट्यूबा, उंदराच्या औषधाची पुडी. हे सगळं एका पिशवीत बांधून घंटागाडीत भिरकावलं तर ते पुढे कोणाला तरी उघड्या हातांनी निवडावं लागतं.

मग माळा, छत, जळमटं, पंखे, ट्यूबा. हे कोरडं काम, आणि सगळ्या घराचं एकाच दिवशी करावं, कारण धूळ खोली पाहून पडत नाही. वरून खाली यायचं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून ओढून घेतला तर धूळ अभ्र्यात राहते, खालच्या गादीवर येत नाही. कोरड्या केरसुणीने बारीक धूळ नुसती जागा बदलते. ती तासन्‌तास हवेत तरंगते आणि आपण चहाला बसलो की चहावर उतरते. म्हणून जाळी काढायला झाडू, बाकी सगळीकडे ओलसर फडकं. उंचावरचं काम घरातल्या सगळ्यात तरण्या माणसाने करावं आणि शिडी दुसऱ्याने धरावी. स्टुलावर पाट, पाटावर डबा, डब्यावर आजी, हे चित्र कौतुकाचं नाही.

भिंतींची गोष्ट थोडी वेगळी. कळीचा चुना रात्री पाण्यात टाकून ठेवायचा, तो फसफसून तापायचा, सकाळी गाळून त्यात किंचित नीळ घालून कुंचल्याने भिंतीला द्यायचा. मातीच्या घरात पांढऱ्या मातीचा पोतारा. चुना उजेडासाठी लावत, हे खरंच. पण तो अत्यंत क्षारयुक्त असल्याने त्यावर बुरशी टिकत नाही, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कडक होतो. आताच्या प्लॅस्टिक रंगाखाली ओल कोंडते आणि फुगवटे धरतात. अशा भिंतीवर नवा रंग मारणं म्हणजे पैसे भिंतीला फासणं. आधी गळती शोधावी, भिंत वाळू द्यावी. तोवर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवलं तरी मागची बुरशी निम्मी कमी होते.

ज्यांच्या घरात पुराचं पाणी येऊन गेलं, त्यांना हा क्रम लागू नाही. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा काठच्या घरांचा दसरा श्रावणातच निघाला. पुराचा गाळ ओला असतानाच काढावा लागतो. वाळला की कुदळीशिवाय निघत नाही. तिथे दिवसांची वाटणी वगैरे काही नसतं. मिळेल ते पाणी, मिळतील ते हात, आणि वीज जोडण्याआधी वायरमनला दाखवणं.

पंधरवड्याचे उरलेले बहुतेक दिवस स्वयंपाकघर खातं, आणि ते त्याला द्यावेत. पहिला दिवस धान्याचा : डबे रिकामे करून, धुऊन, उन्हात पूर्ण कोरडे करायचे. झाकणाच्या आट्यांत ओल राहिली तर डाळ पुन्हा बिघडणार. कपड्यांच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या धान्यापासून लांब ठेवाव्यात. घरात तान्हं बाळ असेल तर त्या गोळ्यांत राहिलेली दुपटी त्याला गुंडाळू नयेत. रक्तात एक विशिष्ट जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना त्या वासानेसुद्धा गंभीर कावीळ होऊ शकते. दुसरा दिवस तेलकट थराचा : शेगडीच्या मागची फरशी, एक्झॉस्ट फॅन, मसाल्याच्या मांडणीचा वरचा कप्पा. तिथला चिकटा थंड पाण्याने फक्त पसरतो. कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून फडकं दहा मिनिटं चिकटवून ठेवलं की तो सैल होतो. घासायची ताकद वाचते.

मग पितळ-तांबं. हंडे, घागरी, तांबे, समया, परात. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळपट थर विरघळवतं, म्हणून चिंच-मिठाने भांडं क्षणात उजळतं. पण आम्ल अंगावर राहिलं तर दोन दिवसांत हिरवट डाग धरतात; म्हणून लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरड्या कापडाने पुसायचं. कल्हईच्या भांड्याला आतून चिंच-वाळू लावू नये, मऊ राख पुरे. कल्हई कथलाची असते, खरवडली की खालचं पितळ आमटीत उतरतं. रोज वापरात नसलेला अर्धा डझन हंडा-घागरींचा संसार दरवर्षी माळ्यावरून काढून, घासून, पुन्हा माळ्यावर का ठेवायचा, हा प्रश्न मी विचारून पाहिला आहे. त्याचं उत्तर मिळत नाही, पुढचा हंडा हातात मिळतो.

न्हाणीघर आणि संडास एका सकाळीत होतात, पण तिथे एक धोका आहे. आम्ल असलेला संडास क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायची नाही, एकावर एक लगेच ओतायचीही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि लहान बंद खोलीत तो फुप्फुसांना चटका देतो. एक वापरायचं, भरपूर पाणी टाकायचं, खिडकी उघडी ठेवायची, दुसरं दुसऱ्या दिवशी.

राहिले हात. जुन्या वाड्यात सासू, जावा, माहेरी आलेली नणंद, पुरुषांकडे चुना आणि पाणी. आज तीन-चार माणसांचं घर, त्यातली एक नोकरीवर, मुलांची सहामाही तोंडावर. खेड्यात तर हाच पंधरवडा सोयाबीन काढणीचा, भुईमूग उपटायचा. दिवसभर शेतात वाकलेल्या बाईने संध्याकाळी माळा झाडावा, अशी अपेक्षा घर निर्लज्जपणे करतं. कामाचे पंधरा भाग पाडले आणि पंधराही एकाच माणसाच्या नावावर टाकले, तर ती वाटणी कसली? छत, पंखे, माळा, वाकळ पिळणं, गच्चीवर ने-आण, भंगारवाल्याशी घासाघीस, न्हाणीघर, ही कामं घरातल्या पुरुषांची आणि कॉलेजातल्या मुलांची, असं पंधरवड्याच्या आधीच जाहीर करावं. रोज एक तास, तोही ठरलेला. त्यापुढे कोणी करू म्हटलं तरी करू देऊ नये. उत्साहाच्या भरात तीन फडताळं एकदम उघडणारा माणूस दुसऱ्या दिवशी गायब असतो.

शेवटचा दिवस सर्वपित्री अमावास्येचा. तो देवघराचा, कारण घट बसले की देव नऊ दिवस हलवायचे नसतात. टाक, मूर्ती, निरांजन, घंटा त्या दिवशी उजळून ठेवायची आणि ज्याला जे राहिलं ते राहू द्यायचं. काही कामांना तर पुढे त्यांचे स्वतःचे दिवस आहेतच. विळा, कोयता, खुरपी, शिलाई मशीन, पाना-पक्कड खंडेनवमीला पुसून पूजेला लागतात. पुस्तकांचं कपाट आणि पाटी दसऱ्याला सरस्वतीच्या निमित्ताने निघतं. दुचाकीला झेंडूचा हार घालायचा असतो, तेव्हा ती धुवायला त्या सकाळी कोणाला हाकही मारावी लागत नाही. चपलांचा कप्पा मात्र कोणत्याच सणात येत नाही. तो दिवाळीच्या फराळाची भाजणी दळायला टाकली की, गिरणीचा नंबर लागेपर्यंतच्या वेळात उरकावा.